पुढचा एक्सल घेण्यापूर्वी मागचे दात मोजा

(नांदगाव पेठ, जि. अमरावती येथे शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपल्याशी बियाणे, खत किंवा फवारणी यांविषयी बोलणार नाही. हे सारे ज्या गाडीत घालून आपण शेतावर नेतो, त्या गाडीच्या पुढच्या एक्सलविषयी बोलणार आहे. विषय गॅरेजमधला वाटेल. पण नुकसान झाले तर ते शेतकऱ्याच्याच घरी येते, म्हणून तो येथे मांडतो.

आपल्या भागात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात आणि पुस्तकात गाडीच्या आसालाही कोठे कोठे धुरा म्हटलेले असते. घोटाळा नको, म्हणून मी सरळ एक्सल म्हणेन. बंडीला जसा आख, तसा जीपला एक्सल. फरक इतकाच की बंडीचा आख फक्त भार वाहतो. जीपचा एक्सल भार वाहतो आणि चाके फिरवतोही.

नांदगाव पेठेत दोन्ही प्रकारचे रस्ते आहेत. गावाजवळून नागपूर-अमरावती महामार्ग जातो आणि तेथून शेताकडे वळले की काळ्या मातीची पांदण लागते. पावसाळ्यात या मातीत बैलही पोटापर्यंत रुततात. म्हणून ज्यांच्याकडे चारही चाकांना जोर मिळणारी जुनी जीप आहे, ते ती जपून ठेवतात. अशा गाडीचा पुढचा एक्सल झिजला किंवा वाकला की नवा मिळत नाही. मग भंगार बाजारातून दुसऱ्या जीपचा एक्सल आणून बसवला जातो. चूक होते ती येथेच.

आमच्या घरची गोष्ट

ही चूक आमच्या घरीही झाली आणि ती माझ्या देखरेखीत झाली. माझ्या काकाजींकडे जुनी जीप होती. पुढच्या एक्सलची नळी वाकली, म्हणून आम्ही दुसरा एक्सल पाहायला गेलो. मी यंत्रांचे शिक्षण घेतलेला माणूस. कमानपाट्यांच्या बैठका मापल्या, ब्रेकचे ड्रम पाहिले, नळी सरळ आहे का ते दोरी लावून तपासले. सर्व जुळले. मिस्त्री म्हणाला, "बसला म्हंजे झालं." मलाही ते पटले.

पावसाळाभर जीप पांदणीत उत्तम चालली. उलट पूर्वीपेक्षा जोर जास्त लागतो, असेच काकाजींना वाटे. एके दिवशी संध्याकाळी चिखलातून महामार्गावर आलो आणि पुढच्या चाकांचा जोर काढण्यासाठी दांडी ओढली, तर ती निघेना. अंधार पडत होता, घर जवळ होते. तसेच निघालो. अर्धा किलोमीटरही गेलो नसू, तोच खालून मोठा आवाज झाला. पुढच्या शाफ्टचा क्रॉस तुटला आणि सुटलेला शाफ्ट डांबरावर आपटू लागला. जीप आडवी होऊन थांबली. मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाने वेळीच बाजू काढली, म्हणून आम्ही वाचलो. माझी धाकटी चुलत बहीण पुढच्या आसनावर बसली होती. तिचा हात डॅशबोर्डवर आपटून मोडला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही एक्सलची झाकणे उघडली. मागे क्राऊनला ३९ आणि पिनियनला ८ दात होते. पुढे क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात होते. एवढाच फरक होता. मी सर्व काही मापले होते. दात मात्र मोजले नव्हते.

चार दातांचा फरक म्हणजे काय?

क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की एक्सलचे गुणोत्तर निघते. ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८ आणि ४३ भागिले ८ म्हणजे ५.३८. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपला ४.८८ हे गुणोत्तर होते. युद्धानंतरच्या सीजे-३बी या नमुन्याला ५.३८ होते. हाच नमुना पुढे महिंद्रने आपल्या देशात तयार केला. म्हणजे दोन्ही प्रकारचे एक्सल आपल्याकडे फिरत आलेले आहेत आणि बाहेरून ते सारखेच दिसू शकतात. नंतरच्या गाड्यांत आणखी वेगळी गुणोत्तरेही आहेत.

आता पीळ कसा बसतो ते पाहा. चाक एकदा पूर्ण फिरण्यासाठी मागचा शाफ्ट ४.८८ वेळा फिरावा लागतो आणि पुढचा ५.३८ वेळा. पण फोर-व्हीलची दांडी टाकली की ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट एकमेकांस बांधते आणि ते सारख्याच वेगाने फिरतात. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास दोन शाफ्टमध्ये अर्ध्या फेऱ्याचा फरक पडतो. आपण अंबाडीची दोरी वळतो तेव्हा एक टोक धरून दुसरे फिरवतो. येथेही तेच होते. फरक इतकाच की दोरीच्या जागी लोखंड असते आणि ते पीळ साठवून ठेवू शकत नाही.

हेच अंतरात सांगायचे तर मागची चाके १ किलोमीटर जातात, तेवढ्या वेळात पुढची चाके ९०७ मीटरच जाऊ पाहतात. उरलेले ९३ मीटर कोणत्या तरी चाकाने घसरत गेले पाहिजे. चिखलात चाक सहज घसरते, म्हणून दोष कळत नाही. डांबरावर चाक घसरत नाही. मग टायर खरवडले जातात, स्टिअरिंग जड होते, दांडी अडकते आणि शेवटी जो भाग सर्वात कमकुवत असेल तो तुटतो. क्रॉस, एक्सल शाफ्ट, ट्रान्सफर केसचे गिअर यांपैकी काहीही जाऊ शकते. चिखलात चांगली चालली म्हणून गाडी बरोबर आहे, असे समजू नये.

गुणोत्तर कसे ओळखावे?

यासाठी तीन मार्ग आहेत.

१) पत्री किंवा ठसा पाहावा. काही एक्सलच्या झाकणाच्या बोल्टखाली लहान पत्री असते व तीवर दातांचे आकडे असतात. क्राऊनवरही आकडे ठोकलेले आढळतात. मात्र जुन्या गाडीत क्राऊन-पिनियन नंतर बदललेले असू शकते. म्हणून केवळ पत्रीवर विसंबू नये.

२) दात मोजावेत. झाकण उघडून क्राऊनच्या एका दातावर खडूची खूण करावी व पूर्ण फेरा मोजावा. पिनियनचे दातही मोजावेत. हा सर्वात खात्रीचा मार्ग आहे. विक्रेता झाकण उघडू देत नसेल, तर तो एक्सल घेऊ नये.

३) फेरे मोजावेत. एक्सल गाडीला लागलेला असेल तर हा मार्ग सोयीचा आहे. गाडी सपाट व टणक जागी उभी करावी. उरलेल्या चाकांना पुढून व मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. एक मागचे चाक उचलून एक्सलखाली भक्कम आधार द्यावा. केवळ जॅकवर भरवसा ठेवू नये. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकावर नसून ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. मागचे एक चाक उचलले की हा ब्रेक किंवा गिअर गाडीला धरून ठेवत नाही. ठोकळे नसतील तर गाडी अंगावर येऊ शकते.

यानंतर गिअर न्यूट्रल करावा, फोर-व्हीलची दांडी काढावी व हँडब्रेक सोडावा. चाकावर आणि शाफ्टवर खडूने खूण करावी. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे उचललेले चाक २ फेरे फिरले की क्राऊन १ फेरा फिरतो. म्हणून उचललेले चाक २० फेरे फिरवावे व तेवढ्यात शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजावे. त्यास १० ने भागले की गुणोत्तर मिळते. सुमारे पावणेचोपन्न फेरे झाले तर गुणोत्तर ५.३८ असते आणि पावणेएकोणपन्नास झाले तर ४.८८. दोघांनी मिळून केल्यास पंधरा मिनिटांत काम होते. पुढच्या एक्सललाही हीच रीत वापरावी. पण चाकाच्या तोंडाशी फ्री-व्हील हब असेल तर ते आधी लॉक करावे.

टायरसुद्धा गुणोत्तराचाच भाग

दात जुळले तरी काम संपले नाही. जमिनीवर चालतो तो टायर. टायरच्या घेराला गुणोत्तराने भागले की शाफ्टच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते ते कळते. हा आकडा पुढे आणि मागे सारखा आला पाहिजे.

टायरची झीज किती फरक करते ते पाहा. जीपच्या टायरचा व्यास साधारण ७२ सेंटीमीटर असतो. नक्षीची खोली १ सेंटीमीटर झिजली तर व्यास २ सेंटीमीटरने कमी होतो, म्हणजे जवळजवळ ३ टक्के. पुढे दोन नवे टायर आणि मागे दोन गुळगुळीत टायर लावून फोर-व्हील वापरणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या गाडीत एक्सल बरोबर असूनही पीळ बसतो.

घेर मोजण्याची रीत सोपी आहे. चारही टायरांत योग्य हवा भरावी. टायर व जमिनीवर खडूची खूण करून गाडी सरळ ढकलावी व चाकाचे ५ फेरे होतील तेवढे अंतर टेपने मोजावे. त्यास ५ ने भागावे. पुढच्या व मागच्या घेरात सव्वादोन मीटरमागे २ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. मोठा टायर लावून एक्सलचा फरक भरून काढता येईल का, असे काहीजण विचारतात. येथे फरक १० टक्क्यांचा आहे. त्यासाठी एका बाजूचे टायर ७ सेंटीमीटरने मोठे लावावे लागतील. ते गाडीच्या तोलाला आणि ब्रेकला धोक्याचे आहे.

निवड कशी करावी?

प्रथम मागचा एक्सल ठरवावा, कारण गाडी वर्षभर त्याच्यावरच चालते. इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असेल, सर्वात वरचा थेट गिअर असेल आणि टायरचा घेर २.२ मीटर असेल, तर ५.३८ च्या एक्सलवर गाडी ताशी सुमारे ४९ किलोमीटर जाते. ४.८८ च्या एक्सलवर ती ५४ किलोमीटर जाते. ज्यांना संत्रा किंवा कापसाची लहान ट्रॉली ओढायची, पांदणीतच जास्त फिरायचे, त्यांना पहिला बरा. ज्यांचे फिरणे महामार्गावर जास्त, त्यांना दुसरा. गाडीला कारखान्यातून जे गुणोत्तर आले तेच ठेवणे सर्वात शहाणपणाचे. मागचा ठरला की पुढचा त्याच्याशी जुळणाराच घ्यावा. शक्य असल्यास एकाच गाडीचे दोन्ही एक्सल जोडीने घ्यावेत.

दात जुळल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) डिफरन्शियलचा गोळा कोणत्या बाजूला आहे. जुन्या जीपमध्ये तो उजवीकडे असतो, कारण ट्रान्सफर केसमधून शाफ्ट त्याच बाजूने निघतो. गोळा मध्यभागी असलेला एक्सल बसवल्यास शाफ्ट तिरपा होऊन क्रॉस लवकर जातो.

२) कमानपाट्यांच्या बैठकांतील अंतर आणि त्यांचा कोन. बैठक नव्याने वेल्डिंग केलेली असेल तर स्टिअरिंग एका बाजूला ओढते.

३) एक्सल शाफ्टच्या खाचांची संख्या, ब्रेक ड्रमचे माप आणि चाकाचे बोल्ट. जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलट्या आट्याचे नट असतात, हे ध्यानात ठेवावे. नाहीतर सोडवण्याच्या नादात बोल्टच तुटतो.

४) आतील तेल. तेलात चमकणारी पूड असेल तर गिअर झिजलेले आहेत. तेल दुधासारखे पांढरट असेल तर पाणी शिरलेले आहे.

जुळणारा एक्सल मिळालाच नाही तर? हाती आलेल्या एक्सलमधील क्राऊन-पिनियन बदलून घेता येते. पण ते बसवताना दातांमधील मोकळीक बारीक वॉशर घालून नेमकी राखावी लागते. हे काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. तेही शक्य नसेल तर पुढचा शाफ्ट काढून ठेवावा आणि गाडी मागच्या दोन चाकांवरच चालवावी. चिखलात अडकलेली गाडी बैलजोडीने निघते.

ट्रॅक्टरचा हिशेब वेगळा

आता आपल्यापैकी अनेकांकडे फोर-व्हील ट्रॅक्टर आहेत. ट्रॅक्टरची पुढची चाके लहान असल्यामुळे तेथे गुणोत्तर सारखे नसते. कारखाना ते अशा बेताने ठरवतो की पुढची चाके मागच्यांपेक्षा साधारण १ ते ५ टक्के पुढे ओढत राहावीत. याला आपण आघाडी म्हणू. आघाडीमुळे पुढची चाके ट्रॅक्टरला ओढतात. ती उणे झाली तर पुढची चाके ब्रेकसारखी अडवतात आणि डिझेल वाया जाते. ती फार वाढली तर पुढचे टायर झपाट्याने झिजतात व पुढच्या एक्सलवर ताण येतो.

आघाडी मोजण्यासाठी सपाट, टणक जागी ट्रॅक्टर हळू व सरळ चालवावा. फोर-व्हील काढून मागच्या चाकाचे १० फेरे होईपर्यंत पुढच्या चाकाचे किती फेरे होतात ते मोजावे. नंतर फोर-व्हील टाकून पुन्हा मोजावे. समजा पहिल्या वेळी १५ व दुसऱ्या वेळी साडेपंधरा फेरे झाले. वाढलेल्या अर्ध्या फेऱ्यास १५ ने भागून १०० ने गुणले तर आघाडी ३.३ टक्के येते. हे योग्य आहे. दुसऱ्या वेळी १४.८ फेरे आले तर आघाडी उणे झाली. पुढचे टायर झिजले असतील किंवा लहान मापाचे लागले असतील. म्हणून ट्रॅक्टरचे टायर बदलताना माहितीपुस्तकात दिलेल्या जोडीनेच घ्यावेत आणि पुढचा एक्सल त्याच नमुन्याच्या ट्रॅक्टरचा असल्याशिवाय घेऊ नये.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपासून वेगळा ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. खाजगी गाडीस १५ वर्षे झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते व त्या वेळी तपासणी होते. त्याच मापाचा, त्याच गुणोत्तराचा एक्सल बसवणे ही दुरुस्ती ठरते. वेगळा प्रकार बसवायचा असेल तर आधी आरटीओ कार्यालयात विचारावे. पैसे भरून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

भाषणानंतर विचारलेले काही प्रश्न

प्रश्न : दोन्हीकडचे टायर सारखे आहेत, गाडी चिखलातून निघते, मंग दात कायले मोजाचे?

उत्तर : चिखल दोष लपवतो, म्हणूनच. तुमची गाडी महामार्गावर येते तेव्हा तिला लपायला जागा उरत नाही.

प्रश्न : दोन्ही एक्सल जुळत असतील तर डांबरावर फोर-व्हील टाकून चालवले तर चालेल का?

उत्तर : चालवू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाटेने जातात. जुन्या जीपमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये हा फरक सोसणारी सोय नसते. चिखल संपला की दांडी काढावी.

प्रश्न : दांडी अडकली तर काय करावे?

उत्तर : जोर लावून ओढू नये. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी हळूहळू थोडी मागे घ्यावी. पीळ सुटताच दांडी निघते. तरीही न निघाल्यास तसेच रस्त्याने निघू नये. आम्ही निघालो होतो, त्याचे काय झाले ते आपण ऐकलेच आहे.

प्रश्न : एक्सलच्या गुणोत्तरात थोडाही फरक चालत नाही का?

उत्तर : पाव-अर्धा टक्का फरक टायरच्या झिजेत सामावून जातो. एका टक्क्याच्या आत असेल तर चिखलापुरते वापरण्यास हरकत नाही. त्यापुढे नाही.

लक्षात ठेवण्याजोगे

१) एक्सल बसतो म्हणजे जुळतो असे नाही.

२) मागच्या व पुढच्या एक्सलचे दात किंवा फेरे स्वतः मोजावेत आणि आकडे गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावेत.

३) चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे व योग्य हवेचे असावेत.

४) जुळणारा एक्सल मिळेपर्यंत फोर-व्हील वापरू नये.

५) चाक उचलण्यापूर्वी ठोकळे लावावेत.

बंधूंनो, पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवण तपासतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवतो, कारण पिशवीवरच्या आकड्यावर सगळे शेत सोपवायचे नसते. एक्सल घेतानाही तीच सवय ठेवावी. माझ्या बहिणीचा हात बरा झाला. पण पावसाळी हवा आली की तो अजून दुखतो, आणि ती दरवेळी मला विचारते, "भाऊ, दात मोजले का?" आपण मोजून घ्यावेत, एवढीच विनंती.